मारणारे दोन, तारणारा एक

मारणाऱ्यांचा जगात कधी तोटा पडत नाही, ऑनलाइन खेळांत तर नाहीच नाही. ‘फायनल फँटसी १४’ उघडून बघा. तलवारवाले, भालेवाले, तिरंदाज, नुसत्या मुठी आवळून आलेले, सगळे गुहेच्या तोंडाशी नंबर लावून ताटकळत असतात. गुहेत एका वेळी चौघांनाच सोडतात. अंगावर मार झेलणारा एक टँक, मारणारे दोन आणि या सगळ्यांना जिवंत ठेवणारा एक हीलर. मारणाऱ्यांचा नंबर लागेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. हीलरनं मात्र बटण दाबलं रे दाबलं की ‘या, तुमचीच वाट बघत होतो’. एवढ्या तातडीचं स्वागत आमच्या मुरबाड तालुक्यात अधिक महिन्यातल्या जावयाचं होतं, नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाडी पाठवून आणलेल्या मतदाराचं.

या स्वागताला भुलून माझा भाचा हीलर झाला. आणि जो आधी भुलतो तोच पुढं इतरांचा सल्लागार होतो, या नियमानं तो आता नव्या हीलरांना शिकवतो. त्याचे क्लास मी मे महिन्यात ओसरीवर बसून फुकट ऐकले. त्यातून जे हाती लागलं ते नवख्यांसाठी देतोय. चुकलंमाकलं तर गुरू त्याला समजावं.

तो कल्याणला शिकतो आणि सुट्टीत वैशाखऱ्याला येतो. कल्याणहून माळशेजच्या रस्त्यानं मुरबाड, सरळगाव, टोकावडं मागं पडलं की घाट लागायच्या आधी आमचं गाव. पावसाळ्यात शनिवार-रविवारी निम्मी मुंबई आमच्या दारावरून धबधब्याखाली उभी राहायला जाते. नाणेघाट चढणारेही इथंच उतरून ‘काका, वाट कुठून?’ विचारतात. मे महिन्यात मात्र इकडं कुणी फिरकत नाही. फिरकतात ते भाचे. या भाच्यानं आल्या आल्या लॅपटॉप पत्र्याच्या पिंपावर मांडला आणि मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला, कारण आमच्या घरात रेंज त्या गजापाशीच येते. त्यानं निवडलेला सर्व्हर जपानात. वैशाखऱ्यात बटण दाबल्यावर औषध जपानात पोचेपर्यंत जखमी दोन पावलं पुढं गेलेला असतो. म्हणून त्याचा पहिलाच सल्ला असा की माणूस आडवा पडायची वाट बघू नका, तो पडणार असं दिसताच औषध सोडा.

हे सगळं गावातल्या पोरांना नवीनच होतं. ती फ्री फायर आणि बीजीएमआयवर वाढलेली. त्या खेळांत पन्नास-शंभर जण विमानातून उड्या मारतात आणि ज्याची जखम त्यानं झाडाआड बसून स्वतः बांधायची. दुसऱ्याला बरं करणारा त्यांच्या ओळखीचा माणूस एकच, फ्री फायरमधला डीजे आलोक. त्याच्याभोवती संगीताचं एक वर्तुळ सुटतं आणि त्यात उभे असलेले साथीदार हळूहळू बरे होतात. नाव आलोक, म्हणून पोरांचा ठाम समज की हा उत्तर प्रदेशातला कुणी भैया असणार. तो ब्राझीलचा खराखुरा डीजे आहे हे भाच्यानं सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, ‘म्हणजे वरातीत डीजे वाजवतात ते तब्येतीसाठीच!’ यावर आमच्या हृदयरोगी शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे.

आता कुठला हीलर व्हायचं ते आधी ठरवावं लागतं. सगळ्यात सरळ वाट कंजूररची. ग्रिडानिया नावाच्या जंगलातल्या नगरात जायचं, झाडापानांची विद्या घ्यायची आणि तिसाव्या लेव्हलला व्हाइट मेज व्हायचं. यातली मौज अशी की कंजूररला पहिल्या लेव्हलला दगड मारायला शिकवतात आणि जखम भरायला दुसऱ्या लेव्हलला. हा अभ्यासक्रम ज्यानं आखला त्यानं माणूस बारकाईनं बघितलेला असणार. दुसरा प्रकार स्कॉलर. तो सुरुवातीला आर्केनिस्ट असतो, म्हणजे वही उघडून भूमितीनं लोकांना मारतो. आमच्या शाळेतही असे एक गुरुजी होते. तिसाव्या लेव्हलनंतर त्याच आर्केनिस्टला स्कॉलर होता येतं आणि समनरही. एकाची लेव्हल वाढवली की दुसऱ्याची आपोआप वाढते, सातबारा एकच, नावं दोन लागलेली. शिवाय स्कॉलरला एक परी मिळते. ती मालकाला न विचारता जखमींवर फुंकर घालत हिंडते. भाचा बजावत होता की नवख्यानं परीच्या जिवावर राहू नये. शेजारच्या पोरानं तेवढंच ऐकून तत्काळ स्कॉलर निवडला.

तिसरा अॅस्ट्रोलॉजियन. हा तारे बघतो, पत्ते काढतो आणि माणसं बरी करतो. माझ्या आईला चौघांत हाच एक खरा डॉक्टर वाटला. ‘ग्रह न बघता गोळी दिली तर लागू कशी पडेल?’ असं ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. हा थेट तिसाव्या लेव्हलपासून सुरू होतो, पण त्याआधी कथा पुरी करत करत इशगार्ड गाठावं लागतं. चौथा सेज. तो शत्रूला मारतो आणि त्या मारातून आपला माणूस बरा होतो. सत्तराव्या लेव्हलला सुरू होतो आणि फुकट खेळणाऱ्यांना मिळत नाही. आमचा भाचा फुकट खेळणाऱ्यांतला. हा खेळ सत्तराव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतो आणि त्याला मुदत नाही, अटी मात्र आहेत. फुकट्याला गावभर ओरडता येत नाही, स्वतःची टोळी जमवता येत नाही, आणि खिशात तीन लाख गिलांपेक्षा जास्त रोकड ठेवता येत नाही. गिल हे तिथलं नाणं.

प्रकार ठरला की लेव्हल वाढवायची, आणि खरी गोची इथं होते. लेव्हल वाढते कुणाला तरी मारून. हीलरची सगळी विद्या दुसऱ्याच्या अंगावर चालणारी. तो एकटा रानात गेला आणि समोर लांडगा आला तर लांडग्याला नुसत्या शुभेच्छा देऊन भागत नाही. म्हणून जुने जाणते सांगतात, हीलर आहात म्हणून हात राखू नका, औषधाच्या दोन डोसांमध्ये जो वेळ मिळेल त्यात दगड मारा. यावर खेळाडूंमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, हीलरनं फक्त बरं करावं. दुसरा म्हणतो, सगळे ठणठणीत असताना हीलर हात बांधून उभा का? ही भांडणं मी भाच्याच्या तोंडून ऐकली आणि मला वाटलं, हा प्रश्न प्रत्येक लग्नघरात आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाबद्दल निघतोच.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा यातला एक वडीलधारा खेळ, २००४ सालचा. तिथल्या प्रीस्टला, म्हणजे पुरोहिताला, जुना सल्ला असा की लेव्हल वाढेपर्यंत शॅडोची विद्या धरा. काळोखाची ती विद्या शत्रूची शुद्ध हरपवते, जीव शोषते, एकट्यानं फिरायला फार सोयीची. शेवटच्या लेव्हलला पोचलात की मग पांढरं नेसून लोकांना आशीर्वाद द्यायला बसा. तरुणपणी काळे धंदे आणि साठीनंतर अन्नदान हा क्रम आपल्याकडं खेळाशिवायही बराच रुळलेला आहे.

‘रॅग्नारोक ऑनलाइन’मध्ये यावर आणखी नामी तोडगा निघाला होता. तिथं मेलेल्या पण हिंडणाऱ्या प्राण्यांवर ‘हील’ची विद्या टाकली की ते बरे होण्याऐवजी भाजतात. त्यामुळं नवे अकोलाइट, म्हणजे तिथले शिकाऊ हीलर, पायोनच्या गुहेत शिरायचे आणि झोंबींना औषध पाजून पाजून ठार मारायचे. लेव्हल भराभर वाढायची. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा ओसरीवर टेकलेले एक म्हातारबाबा, जे विंचू उतरवतात, ते मान डोलावून म्हणाले, ‘भुताला चांगलं काय सोसत नाय, ह्ये खरं हाय.’ परदेशी खेळातली एवढी तांत्रिक बाब आमच्या गावात एका वाक्यात पटली.

रणांगणावरचे सल्ले वेगळेच. त्यातला मोठा हा की शत्रूकडं बघूच नका. पडद्याच्या कडेला सोबत्यांच्या नावापुढं आडव्या पट्ट्या असतात. भरलेली पट्टी म्हणजे माणूस धड, संपत आली म्हणजे गेला. हीलरनं त्या पट्ट्यांवरून डोळे हलवायचे नाहीत. एका रात्री बराच आरडाओरडा होऊन कुठलासा मोठा राक्षस पडला. मी विचारलं, ‘केवढा होता रे? दिसायला कसा?’ भाचा म्हणाला, ‘मामा, बघितला नाही. मी पट्ट्या बघत होतो.’ एवढा मोठा राक्षस मेला आणि मारणाऱ्यांतल्या एकानं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

टँकचं आणखी वेगळं. टँक पुढं, हीलर त्याच्या मागं, हा नियम. पण टँक दमाचा नसला तर एका दमात तीन घोळके अंगावर ओढून घेतो आणि हीलरचा घाम काढतो. एका दुपारी असाच एक उतावळा भेटला. भाचा उठून उभा राहिला आणि खिडकीतून कुणालाही ऐकू जाईल असं ओरडला, ‘अरे टँक आला! टँक पुढं गेला! थांबवा त्याला!’ दोन मिनिटांत शेजारच्या तीन घरांतल्या बायका हंडे, कळश्या आणि एक निळा ड्रम घेऊन रस्त्यावर उभ्या. त्यांचं काही चुकलं नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, तिथलं पाणी थेट मुंबईच्या नळाला जातं आणि मे महिना लागला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. ‘पुढं गेला’ हे ऐकून एक मावशी तर मोरोशीच्या दिशेनं धावायच्या बेतात होती. तिला खेळ समजावून सांगताना मी मधेच सांगून बसलो की दुसऱ्या एका खेळात जादूगार हवेतून पाणी काढतो. हे खरं आहे. वॉरक्राफ्टमध्ये औषध देऊन देऊन हीलरची मंत्रशक्ती आटते, मग त्याला खाली बसून पाणी प्यावं लागतं, आणि मेज हे पाणी मंत्रानं बनवून वाटतो. मावशीनं ते शांतपणे ऐकलं, ड्रम उचलला आणि म्हणाली, ‘त्याला सरपंच करा.’

खेळातली खरी तज्ज्ञ मात्र आमच्याच घरात निघाली. माझी वहिनी आशा सेविका आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून गावोगाव आशा नेमायला सुरुवात झाली. वहिनीच्या पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या आणि एक जाडजूड रजिस्टर. संध्याकाळी घरभेटी आटोपून ती ओसरीवर टेकली आणि पाय चोळत लॅपटॉपकडं बघायला लागली. थोडा वेळ बघून म्हणाली,

‘ही हिरवी पट्टी कुणाची?’

‘टँकची, मामी.’

‘त्याचं थोडंसंच कमी झालंय. तू एवढं मोठं औषध का दिलंस?’

‘सेफ्टीसाठी.’

‘वाया गेलं की सगळं. साधा ताप आला म्हणून सलाईन लावतात का? आता खरंच लागलं तर तुझ्याकडं काय उरलंय?’

भाच्यानं खाली बघितलं. त्याची स्वतःची मंत्रशक्तीची पट्टी तळाला गेली होती. मला नंतर कळलं, नव्या हीलरांना सगळे अनुभवी लोक हेच सांगतात, की भरलेल्या माणसात औषध ओतू नका, लहान जखमेला लहान डोस. वहिनीनं मात्र अजून पुरता खेळही बघितला नव्हता.

‘आणि हा सारखा पुढं पळतोय तो कोण?’

‘तो मारणारा आहे. आगीत उभा राहतो. सांगून ऐकत नाही.’

‘पडू दे एकदा.’

‘मामी!’

‘पडू दे. मी रोज दारात जाऊन सांगते गोळ्या घ्या, गोळ्या घ्या. एकदा चक्कर येऊन पडतात, मग स्वतः घरी येतात मागायला.’

तो पडला. भाच्यानं आधी टँकला सावरलं, मग झटपट मंत्र लावून पडलेल्याला उठवलं. हा मंत्र एरवी म्हणायला आठ सेकंद लागतात, पण ‘स्विफ्टकास्ट’ राखून ठेवलं असेल तर क्षणात लागतो. ते मेलेल्यांसाठीच राखून ठेवा, हा आणखी एक सल्ला. उठलेल्या माणसानं आभार मानले नाहीत, पण त्यानंतर तो आगीतून बाजूला सरायला लागला. वहिनी म्हणाली, ‘बघ.’

मला मग राहवलं नाही. मी तिला वॉरक्राफ्टमधल्या साथीची गोष्ट सांगितली. तीही २००५ सालचीच, सप्टेंबरची. झुल’गुरुब नावाच्या देवळात हक्कार नावाचा सर्पदेव होता. तो अंगावर ‘करप्टेड ब्लड’ नावाचा रोग टाकायचा, जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्यालाही तो लागायचा. रोग देवळातच राहायचा अशी योजना होती, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांच्या अंगावर बसून तो शहरात पोचला आणि कमी लेव्हलचे लोक पटापट मरायला लागले. रस्त्यांवर सांगाड्यांचे ढीग. काही जण शहर सोडून रानात पळाले, काही जण मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले, आणि हीलर लोक स्वतःहून धावून गेले. शेवटी कंपनीला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायची वेळ आली. २००७ साली एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोघांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यात एक गोष्ट अशी की धावून गेलेल्या हीलरांमुळं साथ कदाचित लांबली. मरणारा माणूस त्यांनी जिवंत ठेवला, तो आणखी थोडा हिंडला, आणि हीलरही स्वतः आजारी होऊन पुढच्या चौकात गेले.

वहिनीनं हे ऐकलं आणि तिला हसू आलं. ‘आम्हाला २०२० ला हेच तर शिकवत होते.’ ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी ती कपाळाला लावायची तापमानाची बंदूक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन घरोघर हिंडली होती. ‘एका घरात मला आत येऊ देईनात. म्हणाले, ताई, तुम्हीच सगळीकडं फिरता, तुमच्यापासूनच होईल. त्यांचं काय चुकलं?’ मग भाच्याकडं वळून म्हणाली, ‘तुझी स्वतःची पट्टी कुठली? ती बघत जा आधी.’ नवखा हीलर सगळ्यांच्या पट्ट्या बघतो आणि आपली बघत नाही, आणि हीलर गेला की पाठोपाठ तिघंही जातात. भाच्यानं हा सल्ला वहीत लिहून घेतला. त्याच्या वहीतले निम्मे सल्ले आता तिचे आहेत.

श्रेयाची अपेक्षा ठेवू नका, असंही त्या वहीत आहे. वॉरक्राफ्टमध्ये लढाईनंतर कुणी किती मारलं याचे आकडे दाखवणारी जोडयंत्रं खेळाडूंनी बनवली. ती लावली की मारणारे आकडे वाचत बसतात, माझे एवढे, तुझे तेवढे. मला वाटतं ही हौस जुनी आहे. आमच्या डोक्यावरच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राणीनं, नागनिकेनं, लेण्याच्या भिंतीवर केवढा थोरला लेख कोरून ठेवलाय. कुठला यज्ञ केला, दक्षिणेत किती गाई दिल्या, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, सगळं आकड्यांनिशी. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांत त्या अंकांची गणना होते. मी घाट चढून जाऊन तो लेख पाहिलाय. एवढ्या यज्ञांत धुरानं डोळे चुरचुरले असतील, कुणाचा तरी हात भाजला असेल. त्यावर तूप कुणी लावलं याची नोंद एका ओळीतही नाही.

जे श्रेय मिळत नाही त्याची भरपाई दोष करतो. टँक मेला तर हीलर कुठं होता, मारणारा मेला तर हीलर झोपला होता का, आणि हीलर मेला तर याला साधं जगता येत नाही. जूनच्या तोंडावर एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. सह्याद्रीच्या कड्यावर एक वीज कडाडली आणि गावाची लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण टॉवरच थंड झाला. इकडं वैशाखऱ्यात अंधार पडला आणि तिकडं जपानातल्या गुहेत तीन माणसं मेली. लाईट आली तेव्हा बघितलं तर कुणीतरी जपानीत काहीतरी लिहून ठेवलेलं. ते काय होतं ते विचारायची गरज पडली नाही. भाच्यानं ‘सॉरी, थंडर’ एवढंच लिहिलं, पण वाचायला कुणी उरलंच नव्हतं.

त्याच रात्री कंदील बाजूला सारत वहिनीनं विचारलं, ‘एवढं सगळं करून मोबदला काय मिळतो?’ आशांना कामागणिक मोबदला मिळतो, या कामाचे एवढे, त्या कामाचे तेवढे, त्यामुळं हा प्रश्न तिच्या तोंडी आलाच असता. भाच्यानं तिला ती अट समजावून सांगितली, की फुकटात खेळतो म्हणून तीन लाखांच्या वर ठेवता येत नाही, वरचे मिळालेच तर जमा होत नाहीत.

वहिनीनं रजिस्टर मिटलं. ‘तीन लाखांच्या वर नाही,’ ती पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, ‘चालेल मला. त्यांना विचार, दहावी पास घेतात का.’